'हमाल' या शब्दाची गोष्ट

अरबी भाषेत ह-म-ल या धातूचा अर्थ उचलणे, वाहणे असा आहे. याच धातूपासून 'हमल' म्हणजे गर्भ, 'हामिला' म्हणजे गर्भवती आणि 'तहम्मुल' म्हणजे सोशिकपणा हे शब्द झाले. उर्दू बोलणाऱ्या घरांत हे तिन्ही शब्द अदबीने उच्चारले जातात. याच घराण्यातला चौथा शब्द 'हम्माल'. तो मात्र मोंढ्यात पोती उचलतो आणि त्याचे नाव बहुधा तुच्छतेने घेतले जाते.

अरबीत धातूच्या मधल्या अक्षरावर तश्दीद आली, म्हणजे ते अक्षर दुहेरी झाले, की एखादे काम नेहमी करणारा, पेशेवर माणूस असा अर्थ निघतो. सर्राफ, दल्लाल, हज्जाम, अत्तार, हम्माल हे सगळे एकाच साच्यातले शब्द. फारसीच्या वाटेने ते मराठीत आले. काहींची तश्दीद गळाली आणि सराफ, दलाल, हमाल अशी रूपे झाली. व्याकरणाने या सर्वांना एकाच रांगेत बसविले होते. समाजाने मात्र सराफाला गादी दिली आणि हमालाला पायरी.

हा शब्द युरोपातही गेला. स्पेनमध्ये मुस्लिमांची सत्ता ७११ पासून १४९२ पर्यंत या ना त्या भागात होती. तेथील भाषेत 'अल्हामेल' हा शब्द राहिला. त्याचा अर्थ ओझे वाहणारा माणूस, आणि ओझ्याचे जनावरही! पुढे ओस्मानी तुर्कांबरोबर तो बाल्कन देशांत पोहोचला. ग्रीकमध्ये 'हमालिस', बल्गेरियनमध्ये 'हमालिन', रुमानियनमध्ये 'हमाल'. ग्रीक लोक राबराब राबण्याला 'हमालिकी' म्हणतात. आपल्या 'हमाली'चीच ही बहीण. मुंबईतल्या इंग्रजांनी पालखी वाहणाऱ्याला आणि पुढे घरगड्यालाही 'हमाल' म्हटले. इटालियनमध्ये हमालाला 'फाक्किनो' म्हणतात. त्याच्या मुळाबद्दल एकमत नाही, पण काही अभ्यासक तो अरबी 'फकीह'पासून, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितापासून आला असे मानतात. पंडिताचा हमाल व्हावा, शब्दांचे नशीबही असे फिरते.

मराठीत न समजता पाठांतर करणाऱ्याला 'भारवाही हमाल' म्हणतात. "अभ्यास कर, नाहीतर हमाली करावी लागेल," हे वाक्य तर शाळाशाळांतून ऐकू येते. त्याच वर्गात एखाद्या हमालाचे पोर मान खाली घालून बसलेले असते, याचा विचार कोणी करीत नाही.

या शब्दाला पहिल्यांदा मान दिला तो कष्टकऱ्यांच्या चळवळीने. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी 'हमाल पंचायत' उभी केली. संघटनेला सोज्वळ नाव शोधण्याऐवजी त्यांनी हाच शब्द अभिमानाने पुढे ठेवला. १९७४ साली पंचायतीने 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचे केंद्र सुरू केले. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. तुच्छतेचा शब्द कायद्याच्या मथळ्यात आला. मजुरीचे नियमन, भविष्य निर्वाह निधी, नुकसानभरपाई या गोष्टी हमालाच्याही हक्काच्या झाल्या.

ओझ्याचा प्रश्न मात्र केवळ शब्दाचा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. क्विंटलभराचे पोते म्हणजे जवळजवळ दुप्पट. मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी सोयाबीन, तूर आणि कापूस शेतातून बाजारात येतो, तो कोणाच्या तरी पाठीवरूनच उतरतो. त्या पाठीला पेन्शन आहे का, विमा आहे का, नोंदणी तरी आहे का, हे विचारणे आपले काम आहे.

सूरए अहज़ाबमध्ये सांगितले आहे की आकाश, पृथ्वी आणि पर्वतांनी जी अमानत पेलण्यास नकार दिला, ती माणसाने उचलली. तेथे 'उचलली' यासाठी आलेले क्रियापद याच धातूचे आहे. त्या अर्थाने आपण सारेच हमाल आहोत. मग वर्गातल्या त्या पोराला मान खाली घालायला लावणारे आपण कोण?