१८७६-७८ चा दुष्काळ, ब्रिटिश साम्राज्याचे धोरण आणि दख्खनची सुरक्षितता

प्रस्तावना :
हवामानबदल आणि प्रादेशिक सुरक्षितता यांच्या संबंधाची चर्चा आज राज्यशास्त्रात प्रामुख्याने होते. इतिहासात मात्र दुष्काळाकडे बहुधा आर्थिक घटना म्हणूनच पाहिले गेले. १८७६-७८ च्या दख्खन दुष्काळात हवामान, महासत्तेचे धोरण आणि अंतर्गत शांतता यांचा परस्परसंबंध कसा होता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हवामान आणि महासत्तेचे धोरण :
१८७६ साली दख्खनमध्ये मान्सून अयशस्वी ठरला. १८७७-७८ चा ‘एल निनो’ एकोणिसाव्या शतकातील अत्यंत तीव्र मानला जातो. मुंबई व मद्रास इलाखा, म्हैसूर आणि निजामाचे हैदराबाद संस्थान या सर्व प्रदेशांना झळ बसली. मृतांची संख्या पन्नास लाखांहून अधिक होती, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

या काळात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला ‘कैसर-ए-हिंद’ घोषित केले. मुक्त व्यापाराच्या तत्त्वानुसार धान्याच्या निर्यातीवर बंदी घालण्यात आली नाही. १८७३-७४ च्या बिहार दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणल्याबद्दल उधळपट्टीचा ठपका आलेले सर रिचर्ड टेंपल यांनी या वेळी काटकसरीचा मार्ग स्वीकारला. दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा, इतकी खाली आणण्यात आली. मुंबई इलाख्यातील मजुरांनी या कपातीविरुद्ध कामावर बहिष्कार टाकला. १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

पुढे दुष्काळ निवारणासाठी वार्षिक राखीव तरतूद जाहीर झाली; परंतु नोव्हेंबर १८७८ मध्ये दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले आणि ही रक्कम युद्धाकडे वळवल्याची टीका झाली. रशियाच्या भीतीने वायव्य सरहद्दीला दिलेले प्राधान्य दख्खनच्या रयतेला मिळाले नाही.

अंतर्गत सुरक्षिततेवरील परिणाम :
दख्खनमधील असंतोष दुष्काळापूर्वीचा होता. अमेरिकन यादवी युद्धानंतर कापसाचे भाव कोसळले, शेतसारा वाढला आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथून सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले. दुष्काळाने या असंतोषाला राजकीय वळण दिले. पुण्यातील लष्करी हिशेब खात्यात नोकरीस असलेले वासुदेव बळवंत फडके यांनी दुष्काळी प्रदेशाची पाहणी केली आणि १८७९ च्या फेब्रुवारीत रामोशांच्या साहाय्याने बंड पुकारले. बंडामागील कारणांत त्यांनी स्वतः दुष्काळातील लोकांच्या हालांचा उल्लेख केला आहे. इलाख्यात पाठलाग तीव्र झाल्यावर त्यांनी निजामाच्या मुलखात रोहिल्यांची जमवाजमव करण्याचा प्रयत्न केला. जुलै १८७९ मध्ये देवर नावदगी येथे ते पकडले गेले. त्या कारवाईत निजामाच्या पोलिसांचाही सहभाग होता.

हैदराबाद संस्थानात ब्रिटिशांची सुरक्षाव्यवस्था ‘हैदराबाद कंटिन्जंट’वर आधारलेली होती. हिंगोली हे तिचे एक ठाणे होते आणि तिच्या खर्चासाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड ब्रिटिशांकडे आला होता. म्हणजेच मराठवाड्यात सैन्याची व्यवस्था होती. धान्याची हमी मात्र नव्हती.

धोरणबदल :
बंडाच्याच वर्षी, १८७९ साली, दख्खन कृषक कर्जनिवारण कायदा संमत झाला. स्ट्रेची आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळ संहिता आकारास आली. या सुधारणांमागे भूतदयेइतकीच शांतताभंगाची धास्तीही होती, असे घटनाक्रमावरून दिसते.

वर्तमान संदर्भ :
१८७६ चे अवर्षण नैसर्गिक चढउताराचा भाग होते. आजच्या मानवनिर्मित तापमानवाढीशी त्याची सरसकट तुलना योग्य नाही. तथापि धोरणाचा प्रश्न समानच आहे. मार्च २०२२ मधील उष्णतेच्या लाटेनंतर आणि युक्रेन युद्धामुळे भाव चढले असताना भारताने मे महिन्यात गहू निर्यातीवर बंदी घातली. २०२३ च्या एल निनो वर्षात बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात रोखली; ती बंदी २०२४ मध्ये उठली. लिटन यांच्या धोरणाच्या हे नेमके उलट होते. मात्र त्यामुळे देशातील ग्राहकाला संरक्षण मिळाले, तरी आयातीवर अवलंबून असलेल्या देशांची चिंता वाढली.

निष्कर्ष :
पाऊस न पडल्याने पीक बुडते. राज्याची सुरक्षितता मात्र त्यानंतरच्या निर्णयांनी ठरते. १८७७ साली महासत्तेने सरहद्दीचा धोका ओळखला, शिवारातला ओळखला नाही. त्याची किंमत प्रथम रयतेने आणि नंतर सत्तेनेही मोजली. म्हणून अन्न, पाणी आणि रोजगार यांची हमी हा संरक्षण धोरणाचाच भाग मानला पाहिजे.