करगोट्याखालची खपली

सिरोंच्यात ताप म्हणजे मलेरिया, हे समीकरण इंग्रजी अमदानीपासूनचं. प्राणहितेकाठचं हे गाव 1874 पर्यंत अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्यालय. मग जिल्हा मोडून गाव चांद्यात गेलं, ताप मात्र राहिला. बोटाचं रक्त, काचपट्टी, क्लोरोक्विन यांवर पिढ्या निघाल्या. पुढे आशाताईंच्या पिशवीत मलेरिया तपासायचं किट आलं.

2018 च्या पावसाळ्यात नागपुरात स्क्रब टायफस या वेगळ्याच तापाची साथ आली. तेव्हापासून किट निगेटिव्ह आलं की मी रुग्णाला टेबलावर झोपवतो. काख, जांघ बघतो, करगोटा सरकवतो. तिथे कधी सापडते सिगारेटच्या चटक्यासारखी काळी, न दुखणारी खपली. गवतातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्याच्या अळीनं चावलेली जागा. पुष्कळांना ती उठतच नाही. म्हणून विचारतो: धुऱ्यावर गवत कापलं का?

चाव्याची खूण शोधणं दुसरीकडेही चालतं. अमेरिकेतल्या लाईम गावी 1975 च्या सुमारास मुलांचे सांधे सुजू लागले, तेव्हा आयांनीच पाठपुरावा केला. 1982 मध्ये बुर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांनी त्या आजाराचा गोचिडातला जंतू दाखवला. तिथला डॉक्टर पसरत जाणारा लाल चट्टा शोधतो. जंतू वेगळा, पण गोळी बहुधा तीच, डॉक्सीसायक्लिन. स्वस्त आहे, आणि वेळेत दिली तर स्क्रब टायफसचा ताप दोन दिवसांत उतरतो. अहवालाची वाट बघत ती रोखून धरणं मला मुळीच पटत नाही.