धर्मराजाची साक्ष कोणाच्या बाजूची?

घरचा कुत्रा गंभीर आजारी पडला की शहाणीसुरती माणसं हल्ली ठरलेलं मत देतात. शेवटच्या श्वासापर्यंत उपचार करा, पैशाकडे पाहू नका. जो खर्चाचा हिशेब मांडतो त्याची माया खोटी, आणि जो इंजेक्शन देऊन कुत्र्याला कायमचं झोपवायला सांगतो तो पापाचा धनी. हे मत पुण्या-मुंबईपुरतं राहिलेलं नाही. मोबाइलबरोबर सात पायरी घाट चढून ते सातपुड्यातल्या तोरणमाळलाही पोचलं आहे. पाठीशी दाखला असतो थेट महाभारताचा. स्वर्गाच्या दारात युधिष्ठिराने कुत्र्याला सोडलं नाही, मग तुम्ही कोण सोडणारे?

पूर्वपक्ष तगडा आहे, म्हणून आधी त्याचा साक्षीदारच तपासू. महाप्रस्थानिक पर्वात इंद्र युधिष्ठिराला नेमका हाच पेच घालतो. द्रौपदीला आणि भावांना वाटेत सोडून आलास, मग या कुत्र्याचाच एवढा लोभ का? यावरचं उत्तर दाखला देणाऱ्यांच्या सहसा लक्षात नसतं. ते मेले होते, त्यांना उठवणं माझ्या हाती नव्हतं, म्हणून मागे ठेवले. जिवंतपणी कोणाला टाकलं नाही, असं धर्मराज सांगतो. आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, हा भेद तो स्वतःच करतो. आश्रिताला टाकू नये, एवढाच त्याचा नियम. आश्रिताचं मरण वाटेल ते मोल देऊन लांबवावं, असा नियम त्या संवादात नाही. न टाकणं आणि न मरू देणं या दोन गोष्टी एक नव्हेत. साक्षीदार वादीने बोलावला खरा, पण साक्ष उलटली.

आता पापाचा मुद्दा. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत पडून होतं. उपचाराची आशा उरली नाही असं ठरल्यावर गांधीजींनी डॉक्टर बोलावून त्याला विषाचं इंजेक्शन देववलं. जीव गाईच्या वासराचा आणि कृती अहिंसेच्या उपासकाची. गदारोळ व्हायचा तो झालाच. गांधीजी मागे हटले नाहीत. ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’तून त्यांनी बाजू मांडली, तिचा मथितार्थ असा की हिंसा ठरते ती हेतूवरून, स्वार्थापोटी किंवा रागाने दिलेलं मरण निराळं आणि त्या जिवाच्याच भल्यासाठी दिलेलं निराळं. यावर जुना आक्षेप आहे: उरलेलं आयुष्य भोगून संपवणं हे त्या जिवाचं प्राक्तन, मध्ये पडणारे आपण कोण? आक्षेप हलका नाही. पण तो घेणाऱ्याने रात्रभर कण्हणाऱ्या कुत्र्याजवळ बसायची तयारीही ठेवावी. बहुतेक जण सल्ला देऊन घरी झोपायला जातात.

कायदाही या बाबतीत गांधीजींहून फार दूर नाही. भटक्या कुत्र्यांसाठीच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्याला पात्र पशुवैद्याने शिरेतून सोडियम पेंटोबार्बिटल देऊन मरण देण्याची तरतूद आहे.

राहिला पैसा. तोरणमाळच्या पाड्यावर खर्च म्हणजे नुसती औषधाची चिठ्ठी नव्हे. उपचारासाठी गाठायचं शहादा पन्नास किलोमीटरहून लांब, तेही घाट उतरून. जीपचं भाडं, बुडालेली मजुरी, पुन्हा पुढच्या आठवड्याची फेरी. दिवाळीनंतर इथल्या धडगाव तालुक्यातली कितीतरी कर्ती माणसं ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत मजुरीला गेलेली असतात. मग रोज दोन वेळा गोळी कोण देणार, जखम कोण धुणार? शिवाय घाटाच्या प्रत्येक वळणावर दुखरा कुत्रा हेलपाटतो, ती वेदना बिलात कुठे लिहिलेली नसते. औषधासाठी शेळी विकावी तर घरचं दुसरं काहीतरी अडतं. रात्री बिबट्याची चाहूल लागताच सगळ्यांत आधी भुंकणाऱ्या कुत्र्याची किंमत या घरांना कोणी शिकवायला नको. तिथला माणूस शेळी विकायला कचरतो म्हणून त्याला निर्दय म्हणणं हा भरल्या पोटाचा उद्धटपणा आहे.

या मताचं खरं नुकसान मात्र वेगळंच आहे. माया खर्चाने मोजायची सवय लागली की रोग कोणता, हा पहिला प्रश्नच मागे पडतो. टीव्हीटीचं उदाहरण घ्या. कुत्र्यांत समागमातून पसरणारा हा कर्करोग आपल्याकडे मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत सर्रास दिसतो. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी गाठ येते, रक्त ठिबकतं, वास येतो. ‘कॅन्सर’ हा शब्द कानी पडला की मालक लाखांचे आकडे डोळ्यांपुढे आणतो आणि कुत्र्याला रानात सोडून देतो. प्रत्यक्षात व्हिन्क्रिस्टिनची आठवड्याला एक, अशी साधारण चार ते सहा इंजेक्शनं पशुवैद्याने शिरेतून दिली की बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. औषध जुनं आहे, महागड्या यंत्रांची गरज नाही. उलट डिस्टेंपरचा विषाणू मेंदूत शिरून झटके सुरू झाले, किंवा म्हाताऱ्या कुत्र्याची मूत्रपिंडं अखेरच्या अवस्थेला गेली, तर कितीही पैसा ओता, बहुधा दिवस वाढतात ते यातनेचेच. पिल्लांना होणारा पार्व्हो हा रोग या दोहोंच्या मधला: पहिल्या एक-दोन दिवसांत सलाइन लागलं तर पिल्लू वाचण्याची चांगली आशा, चार दिवस वाट पाहिली तर फार थोडी. तिथे निकाल ठरवतो वेळ. लस वेळेवर टोचली असती तर हा प्रश्नच आला नसता, हे तर आहेच.

पैसा असला की सगळं जमतं, असं वाटणाऱ्यांनी रतन टाटांचं सांगणं आठवावं. आपल्या कुत्र्याला सांधा बदलण्यासाठी त्यांनी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेलं होतं. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे तोवर उशीर झाला होता. डॉक्टरांना सांधा एका स्थितीत पक्का करण्यावर थांबावं लागलं. पुढे टाटा ट्रस्ट्सचं १६५ कोटींचं प्राणी रुग्णालय मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालं. ते हवंच होतं. पण त्या माणसालाही गेलेला वेळ विकत घेता आला नाही.

मग ठरवायचं कशावर? अमेरिकेतल्या पशु-कर्करोगतज्ज्ञ ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली सात कसोट्या मांडल्या: वेदना, खाणं, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला १० गुण, बेरीज ३५ च्या वर गेली तर पुढे चालू ठेवणं रास्त. गुणपत्रिकेचा हा थाट मला थोडा हास्यास्पद वाटतो. पण या सातांत मालकाच्या तळमळीला एकही गुण नाही, ही त्यातली मोठी शहाणी गोष्ट.

इथे दुसऱ्या टोकालाही अडवलं पाहिजे. ‘जनावर आहे, रानात जाऊन आपोआप मरेल’ हेही तोरणमाळात ऐकू येतं. आपोआप म्हणजे किडे पडलेल्या जखमेने, तहानेने, तरसाच्या तोंडून. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत पाळलेलं जनावर सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि युधिष्ठिराचा नियम मोडतो तोही इथेच. उपचार थांबवणारा कुत्र्याला टाकत नाही. घाटात पोत्यातून सोडून येणारा टाकतो.

म्हणून पशुवैद्यासमोर बसाल तेव्हा पहिल्याच दिवशी सरळ विचारा: रोग कोणता, बरा होणारा की नुसता लांबणारा, फेऱ्या किती. आपल्याजवळ किती रुपये आहेत तेही सांगून टाका. लाजू नका, कारण तो आकडा कळल्याशिवाय डॉक्टरला औषध निवडता येत नाही. खाली उतरणं जमत नसेल तर पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर किमान विचारून तरी पाहा. आणि उपचार करायचे नाहीत असं ठरलं, तरी वेदना कमी करणारं औषध पशुवैद्याकडूनच मागून घ्या. घरात माणसांसाठी आणलेली आयब्युप्रोफेनची गोळी देऊ नका. तिने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात.