ग्लुकोमीटरमधील नोंदी संगणकावर घेताना

मधुमेहींच्या घरातील ग्लुकोमीटर रक्तातील साखर नुसती मोजत नाही, प्रत्येक नोंद तारीख-वेळेसह जपूनही ठेवतो. मात्र त्याची साठवणक्षमता मर्यादित असते. ५०० नोंदी मावणाऱ्या यंत्रावर दिवसातून तीनदा तपासणी केल्यास साडेपाच महिन्यांत जागा संपते. त्यानंतर प्रत्येक नव्या नोंदीगणिक सर्वांत जुनी नोंद पुसली जाते. त्यापूर्वीच त्या संगणकावर उतरवून घेणे इष्ट.

जोडणी कशी करायची, हे यंत्र किती जुने यावर ठरते. जुन्या काही ग्लुकोमीटरच्या केबलचे एक टोक हेडफोनच्या पिनेसारखे, तर दुसरे सीरियल पोर्टचे असते. आजच्या घरगुती संगणकांना असा पोर्ट सहसा नसल्याने यूएसबी कन्व्हर्टर आणि त्याचा ड्रायव्हर लागतो. नंतरच्या अनेक यंत्रांना साधी यूएसबी केबल पुरते. पण ती केवळ चार्जिंगची निघाली, तर संगणक यंत्राला ओळखतच नाही आणि दोष विनाकारण यंत्राच्या माथी येतो. ब्लूटूथची यंत्रे बहुधा मोबाइलशी जुळतात. तेथून फाइल संगणकावर घ्यावी.

खरी मेख आहे ती घड्याळात. बॅटरी बदलल्यावर अनेक यंत्रांची तारीख-वेळ बिघडते. सकाळी आठची उपाशीपोटीची नोंद रात्री आठच्या रकान्यात गेली, की आलेखावरून डॉक्टरांचा सहज गैरसमज होऊ शकतो. आणि औषधाची मात्रा ठरते ती याच आलेखावरून! घड्याळ मागाहून दुरुस्त केले, तरी आधीच्या नोंदींची वेळ सहसा बदलत नाही. त्यामुळे केबल जोडण्यापूर्वी यंत्रातील वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहावी.

परदेशातील मुलांनी पाठविलेल्या यंत्राबाबत आणखी एक दक्षता हवी. ब्रिटनमध्ये साखर मिलिमोल प्रतिलिटर या एककात मोजतात. आपल्याकडील मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरसाठी त्या आकड्यास १८ ने गुणावे. तेथील ७ म्हणजे येथील १२६.

नोंदी केवळ कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवून निर्धास्त राहू नये. २००८ मध्ये अवतरलेली ‘गूगल हेल्थ’ ही सेवा १ जानेवारी २०१२ रोजी बंद झाली, तर मायक्रोसॉफ्टच्या २००७ मधील ‘हेल्थव्हॉल्ट’ने नोव्हेंबर २०१९ मध्ये गाशा गुंडाळला. सॉफ्टवेअरमध्ये ‘एक्स्पोर्ट’ची सोय असल्यास सीएसव्ही फाइल स्वतःच्या संगणकावर जतन करावी. ती एक्सेलमध्ये उघडते. शेजारच्या रकान्यात जेवण आणि इन्सुलिनची वेळ लिहून त्याची छापील प्रत डॉक्टरांकडे नेता येते.