शिक्षा, शिक्षण आणि यंत्र : जबलपूरच्या द्वैभाषिक शिक्षकाच्या अध्ययनाचा इतिहास

१

ओमती हे जबलपूरमधून वाहणाऱ्या एका नाल्याचे नाव. शहराच्या मध्यभागातील वस्तीही त्याच नावाने ओळखली जाते. नर्मदा खोऱ्यातील हा मुलूख पेशव्यांनी १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे सोपवला आणि १८१७ च्या डिसेंबरात तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. राज्य गेले तरी मराठी बोलणारी कुटुंबे शहरात राहिली; पुढे नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने नवी कुटुंबेही येत राहिली. घरात मराठी आणि घराबाहेर हिंदी, ही त्यांची भाषिक स्थिती आजतागायत कायम आहे.

या वस्तीतील मराठीभाषक शिक्षक ‘शिक्षा विभागा’त नोकरी करतो. प्रचलित मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. मराठीत ज्याला ‘शिक्षण’ म्हणतात त्याला हिंदीत ‘शिक्षा’ म्हणतात, आणि हिंदीतील ‘शिक्षण’ म्हणजे प्रामुख्याने अध्यापन, शिकवण्याची क्रिया. मराठीतला ‘अभ्यास’ ज्ञान मिळवण्याचा असतो, तर हिंदीतला ‘अभ्यास’ सराव असतो. मराठी माणूस ‘संशोधन’ करतो तेव्हा नवे काही शोधतो. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, जशी कायद्यात किंवा मुद्रितात केली जाते. मराठीतील ‘दक्षता’ सावधगिरी सुचवते, हिंदीतील ‘दक्षता’ कौशल्य. लिपी एक, तत्सम शब्द तोच, आणि अर्थ मात्र वेगळा, अशी ही जोडशब्दांची मालिका आहे. शिक्षकाच्या व्यवसायातील जवळजवळ प्रत्येक मुख्य संज्ञा तिच्यात सापडते, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

शिक्षकाने नोकरीत असताना सतत शिकत राहावे, ही अपेक्षा आज संगणकीय कौशल्ये आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या संदर्भात नव्याने मांडली जात आहे. तथापि ही अपेक्षा जुनी आहे आणि तिचा भाषेशी असलेला संबंधही तितकाच जुना आहे. जबलपूरच्या द्वैभाषिक शिक्षकाला केंद्रस्थानी ठेवून हा संबंध तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२

या प्रदेशातील आधुनिक शिक्षणाचा आरंभ जबलपूरला नव्हे, सागरला झाला. १८२८ मध्ये बंगाल तोफखान्यातील कॅप्टन पॅटन याने तेथे शाळा काढली. तिला राव कृष्णराव या मराठी गृहस्थांचे पाठबळ होते. १८३३ मध्ये सागरला आलेल्या लॉर्ड विल्यम बेंटिंक याने कृष्णरावांचे कार्य पाहून त्यांना कलकत्त्यास निमंत्रित केले आणि त्यांचा गौरव केला. याच शैक्षणिक परंपरेतून वाढलेले सागरचे महाविद्यालय १८७३ मध्ये जबलपूरला हलवण्यात आले आणि पुढे ‘रॉबर्टसन कॉलेज’ या नावाने प्रसिद्धीस आले. दरम्यान १८६८ मध्ये जबलपुरात हितकारिणी सभा स्थापन झाली होती. शाळा होत्या, सभा होती, महाविद्यालय आले. शिकवणाऱ्याने शिकायचे कोठे, हा प्रश्न मात्र शिल्लक होता.

मराठीच्या मुख्य प्रदेशात या प्रश्नाला आधीच हात घातला गेला होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षक तयार करणाऱ्या ‘नॉर्मल क्लास’ची धुरा १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. वृत्तपत्रकार, गणितज्ञ आणि प्राच्यविद्येचा अभ्यासक अशी ख्याती असलेल्या माणसाकडे खेड्यापाड्यांतील शाळांसाठी शिक्षक घडवण्याचे काम यावे, हा योगायोग नव्हता. शिक्षकाला शिकवणे हे त्या पिढीला विद्वत्तेच्या बाहेरचे काम वाटत नव्हते.

तयार झालेला शिक्षक गावी गेल्यावर त्याचे शिकणे चालू कसे राहावे, याचे उत्तर ‘मराठी शाळापत्रक’ या सरकारी मासिकाने दिले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनंतर १८६८ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्याचे संपादन केले. शिक्षकाला उपयोगी पडेल असा मजकूर देण्यासाठी काढलेले हे पत्र विष्णुशास्त्र्यांच्या हाती मतप्रदर्शनाचे साधन बनले आणि १८७५ मध्ये ते बंद पडले. या घटनेचा उल्लेख सहसा ‘निबंधमालाकारां’च्या चरित्रातील एक प्रसंग म्हणून होतो. शिक्षक-शिक्षणाच्या इतिहासात तिचा अर्थ निराळा आहे. शिक्षकाला माहिती पुरवणाऱ्या माध्यमातून शिक्षकाशी वाद-संवाद सुरू झाला, की त्या माध्यमाचे स्वरूप बदलते आणि ते चालवणाऱ्या सत्तेला ते गैरसोयीचे होते. पुढील प्रत्येक माध्यमाबाबत हाच प्रश्न विचारावा लागतो : यातून शिक्षकाला केवळ ऐकायचे आहे, की बोलताही येणार आहे?

३

विसाव्या शतकाच्या आरंभी संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात माध्यमिक शिक्षकांसाठी अवघी सहा प्रशिक्षण महाविद्यालये होती : मद्रास, राजमहेंद्री, कर्सियांग, अलाहाबाद, लाहोर आणि जबलपूर. या यादीत मुंबई नाही आणि नागपूरही नाही. मध्य प्रांताची राजधानी नागपूर, तर शिक्षक घडवण्याचे ठिकाण जबलपूर. आणि हा प्रांत हिंदी व मराठी अशा दोन भाषांचा. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर जबलपूरची महाविद्यालयेही त्याच्या कक्षेत आली. शिक्षणशास्त्राचा विचार इंग्रजीतून, वर्गातील अध्यापन हिंदीतून किंवा मराठीतून, आणि परीक्षा नागपूरची, अशी ही त्रिभाषी रचना होती. तिच्यात वावरणाऱ्या शिक्षकाला भाषांतर वेगळे शिकावे लागत नसे. ते त्याच्या दैनंदिन कामाचाच भाग होते. जबलपूरच्या ‘प्रांतीय शिक्षण महाविद्यालया’च्या नावात तो विसर्जित प्रांत आजही टिकून आहे.

या शहरातील दोन शिक्षकांची उदाहरणे येथे उद्बोधक ठरतील. हिंदीतील श्रेष्ठ व्यंगकार हरिशंकर परसाई यांनी १९४१ ते १९४३ या काळात जबलपूरच्या स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजात अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि नंतर तेथील मॉडेल हायस्कुलात ते शिकवू लागले. १९५२ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली. दुसरे गजानन माधव मुक्तिबोध. मराठी घरात १९१७ मध्ये जन्मलेल्या या हिंदी कवीने चाळिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात काही काळ जबलपूरच्या हितकारिणी शाळेत अध्यापन केले. पुढे नागपुरात नोकरी आणि संसार सांभाळत, वयाच्या पस्तिशीनंतर त्यांनी एम. ए. ची पदवी घेतली आणि १९५८ मध्ये ते राजनांदगावच्या महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले आणि १९७९ मध्ये साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी ठरले. एका घरातून दोन भाषांचे साहित्य उभे राहिल्याचे हे उदाहरण तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. मात्र गजानन मुक्तिबोध हे नोकरीत राहून शिकणारे शिक्षकही होते, ही बाजू फारशी विचारात घेतली जात नाही. त्यांनी लिहिलेल्या भारतीय इतिहास व संस्कृतीवरील पाठ्यपुस्तकावर १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. ‘शाळापत्रका’च्या वेळचा पेच येथे दुसऱ्या रूपात पुन्हा दिसतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. उच्च न्यायालय जबलपूरला आले आणि त्याच वर्षी तेथे विद्यापीठही स्थापन झाले. शहराचे महत्त्व वाढले. पण ओमतीतील मराठी शिक्षक एका रात्रीत द्वैभाषिक प्रांताचा नागरिक न राहता हिंदी राज्यातील भाषिक अल्पसंख्याक झाला. त्यानंतर त्याच्या वाट्याला आलेले प्रत्येक प्रशिक्षण हिंदीतून आले आणि मराठीतील शैक्षणिक साहित्य पुण्यात व नागपुरात, म्हणजे त्याच्या खात्याच्या सीमेपलीकडे, तयार होत राहिले.

४

शाळांमध्ये संगणक आणण्याचा पहिला मोठा केंद्रीय प्रयत्न ‘क्लास’ या नावाने १९८४ मध्ये सुमारे २५० शाळांतून झाला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठीय अध्यापकांसाठी ‘अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेज’ची योजना आली. जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठातही असे केंद्र चालू झाले. तेथील उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग यांनी नोकरीतील अध्ययनाला पदोन्नतीशी जोडले. अध्ययनाला त्यामुळे प्रतिष्ठा मिळाली, आणि हजेरी व प्रमाणपत्र हेच साध्य मानण्याची सवयही लागली. महाराष्ट्रात २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘एम. एस. सी. आय. टी.’ या अभ्यासक्रमाच्या बाबतीतही हे दुहेरी फळ दिसते.

संगणकावर देवनागरी आली तेव्हा हिंदी-मराठीची समान लिपी हा मोठा लाभ ठरायला हवा होता. प्रत्यक्षात युनिकोडपूर्व काळात प्रत्येक टंकसंचाची सांकेतिक रचना निराळी होती. हिंदी प्रदेशात ‘कृतिदेव’ रुळला, मराठीत ‘श्रीलिपी’ आणि तिचे समकालीन. जबलपुरात टंकित केलेला मजकूर नागपुरातील संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हांची ओळ उमटे. छापील कागदावर जी लिपी एक होती, ती यंत्राच्या पोटात अनेक झाली. युनिकोडने ही अडचण दूर केली, पण पूर्णतः नाही. मराठीतील अर्ध्या ‘र’ची दोन रूपे याचे बोलके उदाहरण आहे. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. हा भेद हिंदीच्या लेखनव्यवहाराला लागत नाही. युनिकोडमध्ये हे दुसरे रूप साधण्याचे दोन मार्ग आहेत. त्यामुळे डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द यंत्राला भिन्न वाटू शकतात. ही गोष्ट ज्या शिक्षकाला ठाऊक आहे, त्याचे ज्ञान कळफलक चालवण्याच्या कौशल्याहून अधिक खोल आहे. पण कोणत्याही प्रमाणपत्रात त्याची नोंद होत नाही.

५

५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय संगणकीय व्यासपीठ सुरू झाले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सुमारे ४२ लक्ष शिक्षक व शाळाप्रमुखांसाठी ‘निष्ठा’ हा प्रशिक्षण कार्यक्रम. दोन्ही नावे इंग्रजी शब्दसमूहांची आद्याक्षरे जुळवून साधली आहेत, पण त्यांचा भारतीय अर्थ दुर्लक्षिता येत नाही. दीक्षा गुरू देतो आणि शिष्य घेतो. निष्ठा शिष्याने बाळगायची असते. दोन्ही रूपकांत शिक्षकाचे स्थान घेणाऱ्याचे आहे. महाराष्ट्रात याच दशकात रूढ झालेला ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द याहून मवाळ आहे. स्नेह दोन्ही बाजूंनी असतो, असे त्यात निदान सूचित होते.

२०२० मधील टाळेबंदीत मध्य प्रदेशातील शाळा ‘डिजिलेप’ या योजनेखाली व्हॉट्सअ‍ॅप गटांतून चालल्या आणि शिक्षकांचे प्रशिक्षणही दूरस्थ झाले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक अध्ययनाची अपेक्षा नोंदवली. सप्टेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने शिक्षकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा क्षमता-आराखडा प्रसिद्ध केला. मानवकेंद्री दृष्टी, नीती, तंत्राची मूलतत्त्वे व उपयोजन, अध्यापनपद्धती आणि व्यावसायिक अध्ययन ही त्याची पाच अंगे असून तीन पायऱ्यांत मिळून १५ क्षमता सांगितल्या आहेत. या पाच अंगांत भाषेला स्वतंत्र स्थान नाही.

ओमतीतील शिक्षकाच्या दृष्टीने ही उणीव किरकोळ नाही. भाषा निर्माण करणारी आजची यंत्रणा उपलब्ध लेखनाच्या साठ्यावर घडते. त्या साठ्यात इंग्रजीचा वाटा प्रचंड आहे; देवनागरीत पाहिले तर हिंदीचा वाटा मराठीहून पुष्कळ मोठा आहे. अशा यंत्राकडून मराठी पाठ तयार करून घेताना ‘शिक्षा’, ‘अभ्यास’, ‘संशोधन’, ‘दक्षता’ हे शब्द हिंदी अर्थाने मराठी वाक्यात शिरण्याचा धोका असतो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते, लेखन शुद्ध असते, आणि अर्थ मात्र सरकलेला असतो. पुण्यातील एकभाषिक वाचकाला असे वाक्य कानाला खटकेल. पण ते का खटकते आणि मूळ अर्थ कोणता असावा, हे जबलपूरचा शिक्षक तत्काळ सांगू शकतो, कारण दोन्ही अर्थ त्याच्या दैनंदिन व्यवहारात आहेत. उलट, हिंदी शब्दकळेची इतकी सवय झालेल्या त्याच्या विद्यार्थ्याला ते वाक्य मुळीच खटकणार नाही, ही भीतीही खरी आहे. घरातली मराठी अशा वाक्यांनीच हळूहळू बदलते.

६

या इतिहासातून एक निष्कर्ष स्पष्टपणे पुढे येतो. शिक्षकाच्या अध्ययनाची साधने बदलत गेली : नॉर्मल क्लास, मासिक, प्रशिक्षण महाविद्यालय, उजळणी वर्ग, संगणकीय व्यासपीठ. ती साधने कोणती होती यापेक्षा त्यांतून शिक्षकाला उत्तर देण्याची मुभा होती की नाही, यावर त्यांचे मोल ठरले. ‘शाळापत्रक’ दीडशे वर्षांनंतरही स्मरणात आहे ते त्याने दिलेल्या सूचनांमुळे नव्हे, त्यात उमटलेल्या मतांमुळे. मुक्तिबोध आणि परसाई यांना घडवणाऱ्या जबलपूरने शिक्षकाला लेखक होण्याइतका अवकाश दिला, आणि जेथे तो नाकारला गेला तेथे संघर्ष झाला.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणालाही हीच कसोटी लावावी लागेल. यंत्राला प्रश्न कसा विचारावा हे शिक्षकाने शिकणे आवश्यक आहे. पण यंत्राने दिलेले उत्तर आपल्या भाषेत तपासून ते दुरुस्त करणे हे अधिक अवघड आणि अधिक मोलाचे अध्ययन आहे. वार्षिक ५० तासांच्या हिशेबात या दुरुस्तीचे तास धरले जावेत आणि सीमावर्ती, द्वैभाषिक शिक्षकांनी टिपलेल्या अर्थभेदांच्या नोंदी एकत्र जतन केल्या जाव्यात. तसे झाल्यास तौलनिक साहित्याच्या अभ्यासाला एक जिवंत साधन मिळेल. हिंदीतील ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती आणि मराठीतील ‘संशोधन’ म्हणजे शोध. ओमतीतील शिक्षक यंत्राचे मराठी वाक्य दुरुस्त करतो, तेव्हा तो या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी संशोधन करीत असतो. त्याच्या खात्याने आणि विद्यापीठांनी या कामाला अध्ययन म्हणून मान्यता देणे, ही आजची तातडीची गरज आहे.