स्त्रीवादी कला-चळवळ व कलाशिक्षण

कलानिर्मिती, कलेतिहास व कलाशिक्षण यांतील पुरुषप्रधान गृहीतके तपासणारी ही चळवळ १९७० च्या सुमारास अमेरिकेत आकारास आली. कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो येथील महाविद्यालयात जूडी शिकागो हिने १९७० मध्ये केवळ विद्यार्थिनींसाठी अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थिनी वर्तुळात बसून आपापले अनुभव सांगत व त्यांतूनच चित्रविषय निघत. पुढे मिरियम शापिरोच्या सहकार्याने हॉलिवूडमधील एका ओसाड घराच्या खोल्यांतून स्वयंपाकघर, न्हाणीघर इ. विषयांवरील ‘वूमनहाउस’ ही रचना साकारली (१९७२). लिंडा नॉक्लिन हिने १९७१ मधील निबंधात थोर स्त्री-कलावंतांच्या अभावाचे कारण प्रतिभेत न शोधता संस्थांच्या नियमांत शोधले. नग्न मॉडेलवरून रेखाटन हा थोर चित्रकलेचा पाया मानला जाई आणि नेमका तोच वर्ग स्त्रियांना दीर्घकाळ बंद होता. ज्या थोड्या स्त्रिया चित्रकार झाल्या, त्या बहुतेक चित्रकारांच्याच मुली होत्या, हेही तिने दाखविले.

हे निरीक्षण महाराष्ट्रालाही लागू पडते. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये (स्थापना १८५७) शिकलेल्या अँजेला त्रिंदाद (१९०९–८०) व अंबिका धुरंधर (१९१२–२००९) या तेथेच अध्यापन केलेल्या चित्रकारांच्या कन्या होत. बी. प्रभा (१९३३–२००१) यांची वाट वेगळी होती. नागपूरजवळील बेला या खेड्यात त्या जन्मल्या व नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये काही काळ शिकून जे. जे.मध्ये आल्या. अमृता शेरगिल यांचा आदर्श त्यांच्यापुढे होता. कोळिणी व खेड्यांतील कष्टकरी स्त्रिया त्यांनी उंच, कृश आकारांत आयुष्यभर रंगविल्या. चळवळीच्या कितीतरी आधी सुरू झालेल्या या चित्रकारितेला स्त्रीवादी म्हणणे धाडसाचे ठरेल. शिवाय आकारांच्या कमनीयतेमुळे त्यांतील कष्टांची धार काहीशी बोथट होते. तथापि त्यांच्या चित्रांतील स्त्री शोभेसाठी उभी नाही, हे मान्य करावे लागते.

नलिनी मलानी (१९४६– ) यांनी १९७९ मध्ये न्यूयॉर्क येथील स्त्रियांचे सहकारी चित्रदालन पाहिले. केवळ स्त्री-कलावंतांचे प्रदर्शन भारतात भरविण्याची त्यांची कल्पना १९८७ ते १९८९ या काळात अर्पिता सिंग, नीलिमा शेख व माधवी पारेख यांच्यासह प्रत्यक्षात आली. शिक्षणपद्धतीत मात्र असा बदल संथच होता. जे. जे.च्याच नवज्योत अल्ताफ (१९४९– ) यांनी त्यासाठी वर्गाबाहेरची जागा निवडली. १९९७ पासून बस्तरमधील कोंडागाव येथे शांतीबाई आदी स्थानिक कलावंतांसह त्यांनी काम केले. गुरू-शिष्य हे नाते बाजूला ठेवून परस्परांकडून शिकणे, ही त्यामागील भूमिका होती. तेथील ‘नलपार’ प्रकल्पात गावातील हातपंपांभोवतीची जागा नव्याने घडविण्यात आली. पाणी भरणाऱ्या स्त्रियांना भांडे टेकवून मग डोक्यावर घेता यावे, अशी सोय त्या रचनेतच करण्यात आली.