दोन्ही कान दिसले पाहिजेत

“केस कानामागे घे, बेटा. दोन्ही कान दिसले पाहिजेत.” स्टुडिओवाले काका कॅमेऱ्याआडून म्हणाले आणि भाचीने निमूट केस मागे सारले. टिकली चालेल का, चष्मा काढू का, दात दिसले तर फॉर्म बाद होईल का? ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासापेक्षा फोटोच्याच शंका तिला जास्त. चेहरा 80 टक्के, पाठीमागे पांढरा पडदा. पाच मिनिटांत काकांनी 4 बाय 6 इंची कागदावर आठ फोटो छापले आणि कापून पाकिटात घालून दिले.

या आठ तुकड्यांचं कुळ पॅरिसचं. आंद्रे दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने 1854 मध्ये एक पेटंट घेतलं: एकाच काचेवर अनेक लहान छबी टिपायच्या, एकदम छापायच्या आणि कापून पुठ्ठ्यावर डकवायच्या. या छबी बहुधा आठ असत. खर्च विभागला गेला, फोटो स्वस्त झाला. लोक तो हौसेने एकमेकांना वाटत, अल्बमात लावत. त्याच्याकडे पुरावा म्हणून कुणी बघत नव्हतं.

फोटो नव्हता तेव्हा माणसाची ओळख माणसांच्या आठवणीवर टिकून असे. ती किती डळमळीत असते, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. 1761 मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते गेले यावर अनेकांचा विश्वास बसेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही. पुढे एकजण ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. त्याच्यामागे फौज जमली, कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले. 1776 मध्ये त्याला पकडून देहान्त शिक्षा झाली. ‘तोतया’ म्हटलं की अजून आधी तोच आठवतो.

फोटोला साक्षीदार केलं ते पॅरिसच्याच पोलिसांत कारकुनी करणाऱ्या आल्फोन्स बर्तियों याने. जुना गुन्हेगार नवं नाव सांगून सुटू नये म्हणून 1880 च्या दशकात त्याने शरीराची मापं आणि ठरावीक अंतरावरून, ठरावीक उजेडात काढलेले दोन फोटो अशी पद्धत बसवली: एक समोरून, एक बाजूने. बाजूचा फोटो मुख्यतः कानासाठी. दाढी वाढवता येते, गाल बसतात, पण कानाची ठेवण बदलत नाही आणि दोघांचे कान सारखे नसतात, असं त्याचं म्हणणं. भाचीच्या केसांवरची सक्ती या घराण्यातली.

तिथून फोटो पासपोर्टावर गेला तो एका हेरामुळे. कार्ल लोडी हा जर्मन हेर 1914 मध्ये ‘चार्ल्स इंग्लिस’ या अमेरिकन माणसाच्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये वावरत होता. पासपोर्ट अस्सल, माणूस दुसराच. आणि त्यावर फोटो नव्हता. नोव्हेंबरमध्ये त्याला लंडनच्या टॉवरमध्ये गोळ्या घातल्या. डिसेंबरात अमेरिकेने पासपोर्टला फोटो सक्तीचा केला, पाठोपाठ ब्रिटननेही. सुरुवातीला कसलाही फोटो चाले: टोपीतला, बागेतला, बायकामुलांसकट. नियम आवळत गेले ते नंतर.

परीक्षेच्या हॉलतिकिटावरही तोतयानेच फोटोला बळकटी आणली. न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर पैसे घेऊन दुसऱ्याची ‘सॅट’ ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा देणारे 2011 मध्ये पकडले गेले, तेव्हा पुढच्या वर्षापासून तिथे नावनोंदणीतच फोटो आला. आपल्याकडच्या तोतयांनी तर फोटोलाच हाताशी धरलं. मध्य प्रदेशातल्या ‘व्यापम’ या परीक्षा मंडळाच्या घोटाळ्यात (तो 2013 मध्ये उघडकीला आला) हॉलतिकिटावर आधी तोतयाचा फोटो चढे आणि परीक्षा उरकली की खऱ्या उमेदवाराचा परत येई. 2019 मध्ये तमिळनाडूत थेनीच्या वैद्यकीय महाविद्यालयात हॉलतिकिटावरचा चेहरा आणि वर्गातला चेहरा जुळेना. त्या मुलाची नीट मुंबईच्या केंद्रावर भलत्यानेच दिली, असा आरोप झाला.

म्हणून एकेक अट वाढते. काही अर्जांत फोटोवर नाव आणि तो काढल्याची तारीखही लागते. प्रत्येक अटीआड कुणीतरी तोतया उभा आहे. पण त्याला या अटींचा घोर नसतो. तो त्या वाकवण्याच्याच तयारीने आलेला असतो. झोप उडते ती सरळमार्गी मुलांची.

“मी अशी दिसते?” भाचीने पाकीट उघडून विचारलं.

“गेटवरच्या माणसाला पटलं की झालं,” काका म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी गेटवरच्या बाईंनी हॉलतिकीट हातात घेतलं, फोटो पाहिला, मान वर केली. त्या काही बोलायच्या आत भाचीने दोन्ही हातांनी केस कानामागे सारले.